ट्युडर काळातले खेळ, करमणूक आणि वर्गभेद : नऊ-दहा वर्षांच्या मुलांना कसं शिकवू?

चिंचगुळ
५ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी पश्चिम लंडनमध्ये एका प्रायमरी शाळेत शिकवते, इयर फाइव्ह, म्हणजे नऊ-दहा वर्षांची मुलं. या टर्मला इतिहासात ट्युडर्स (इंग्लंडचं सोळाव्या शतकातलं राजघराणं, आठवा हेन्री, पहिली एलिझाबेथ वगैरे) आहे आणि त्यातला 'खेळ आणि करमणूक' हा भाग माझ्याकडे आलाय. इथे बरेच शिक्षक आहेत, इतिहासवाले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते, लांबलं तर समजून घ्या.

आधी गेल्या वर्षी काय झालं ते सांगते, कारण ते डोक्यातून जात नाही. आम्ही 'ट्युडर डे' ठेवला होता, घरून वेश करून या असं पत्र पाठवलं. तीस मुलांत अकरा हेन्री आले, राण्या तर मोजल्याच नाहीत. बहुतेकांचे ड्रेस ऑनलाइन मागवलेले, मखमल, सोनेरी लेस, टोपीत पीस. एक मुलगा रोजच्याच चॉकलेटी स्वेटरमध्ये आला, आईने कमरेला सुतळी बांधून दिली होती, तेवढंच. दहा मिनिटांत बाकीच्यांनी त्याला नोकर ठरवून टाकलं आणि मेजवानीच्या वेळी पाणी वाढायला लावलं. माझं लक्ष जाईपर्यंत त्याने चार जणांचे ग्लास भरले होते. मी लगेच थांबवलं, त्याला शेजारी बसवलं, पण तो दिवसभर त्या सुतळीचं टोक बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता. त्या दिवशी मुलांनी ट्युडर समाज शिकला नाही, एकमेकांच्या घरची ऐपत तेवढी बघितली. चूक माझी होती, मी ते पत्र पाठवायलाच नको होतं.

तर यंदा वेश नाही. सुट्टीत बरंच वाचलं आणि मला वाटतं हा विषय शिकवायची किल्ली एका कायद्यात आहे. आठव्या हेन्रीचा १५४१ चा कायदा. त्यात कारागीर, शेतकरी, मजूर, शिकाऊ पोरं, घरगडी, खलाशी, कोळी अशी एकेकाची नावं घेऊन म्हटलंय की यांनी टेबल्स (बॅकगॅमनचा जुना प्रकार), टेनिस, फासे, पत्ते, बोल्स (चेंडू घरंगळवत नेमाजवळ न्यायचा खेळ) हे खेळ खेळायचे नाहीत. फक्त ख्रिसमसच्या दिवसांत चालेल, आणि तेव्हाही धन्याच्या घरात नाहीतर धन्याच्या समोर. पकडलं तर दर वेळी २० शिलिंग दंड. आणि ज्याचं जमिनीचं उत्पन्न वर्षाला १०० पौंड किंवा जास्त, तो मात्र आपल्या घराच्या आणि बागेच्या आवारात आपल्या नोकरांनाही हेच खेळ खेळायची परवानगी देऊ शकतो. म्हणजे खेळ तोच, चेंडू तोच. कुणाच्या बागेत आणि कुणाच्या परवानगीने खेळताय एवढंच बघायचं.

आता प्रश्न. हे मुलांच्या गळी कसं उतरवू? माझ्या वर्गात हातातोंडाशी गाठ असलेल्या घरांतली मुलं आहेत, दोन-तीन घरांत स्वतःचा पोनी आहे, आणि 'सोशल क्लास' म्हटलं की मुलं लगेच एकमेकांकडे बघतात. कुणालाही गेल्या वर्षीसारखं वाटू नये आणि तरी त्या काळातला भेद गुळगुळीतही होऊ नये. काय करता येईल?

निवृत्त_मास्तर
५ जानेवारी, रात्री ११.०५

ताई, फार चांगला प्रश्न. मी नाशिकला एकतीस वर्षं इतिहास शिकवला, त्यातून एक सांगतो. आपल्या भाषेत 'वर्ग' म्हणजे शाळेची खोलीही आणि समाजातला थरही, त्यामुळे मी शिकवताना नेहमी अडखळायचो, 'वर्गातला वर्ग' म्हणायची वेळ यायची. मग मी तो शब्दच मागे ठेवला आणि सुरुवात सुट्टीपासून करायला लागलो. मुलांना सुट्टी चटकन समजते.

ट्युडर काळात ते फारच छान बसतं. आधी चर्चचे सण भरपूर होते, संतांचे दिवस, आणि त्या दिवशी काम बंद. सामान्य माणसाचं खेळणं, नाचणं, गावजत्रा, सगळं त्या दिवसांवर. १५३६ मध्ये हेन्रीने त्यातले पुष्कळ दिवस रद्द केले, विशेषतः १ जुलै ते २९ सप्टेंबर या सुगीच्या काळातले, कारण पीक शेतात उभं आणि माणसं सणाला. राजाच्या शिकारीला सणाची गरज नव्हती, त्याचा तर कुठलाही दिवस चालायचा. मजुराचा मात्र खेळायचा दिवसच गेला. वहीत दोन कॅलेंडरं काढायला लावा, एक राजाचं, एक मजुराचं. रंग मुलांनाच भरू द्या.

आणखी एक. पुढे १५४९ मध्ये ह्यू लॅटिमर नावाच्या धर्मोपदेशकाने छोट्या राजासमोर, सहाव्या एडवर्डसमोर, प्रवचनात तक्रार केली होती की तो एका गावात उपदेश द्यायला गेला तर चर्चला कुलूप, किल्ली शोधायलाच अर्धा तासाहून जास्त गेला, आणि लोक म्हणाले आज रॉबिन हूडचा दिवस आहे, आज तुमचं ऐकायला वेळ नाही. ही गोष्ट मुलांना सांगाच. लोकांना आपला खेळायचा दिवस केवढा प्यारा होता ते त्यात दिसतं.

पोर्ट्समथकर
६ जानेवारी, सकाळी ७.५०

मी मेरी रोझ म्युझियमपासून पंधरा मिनिटांवर राहतो, मुलीला घेऊन कितीदा गेलोय. हेन्रीचं जहाज, १९ जुलै १५४५ ला इथेच बुडालं आणि १९८२ साली वर काढलं. तुम्ही तो कायदा लिहिलात आणि मला एकदम सुताराची खोली आठवली. जहाजावरच्या सुताराच्या केबिनमध्ये टेबल्सचा पट सापडलाय, तोच तुमचा बॅकगॅमनसारखा खेळ. फासेही मिळालेत जहाजावर. म्हणजे १५४१ चा कायदा कारागिराला आणि खलाशाला नाही म्हणतोय आणि चारच वर्षांनी राजाच्याच जहाजावर सुताराच्या खोलीत पट आहे! मुलांना ही एक वस्तू आणि तो एक कायदा शेजारी शेजारी ठेवून द्या आणि गप्प बसा, प्रश्न आपोआप येतील. माझ्या मुलीने विचारलं होतं, "बाबा, मग कॅप्टनला माहीत होतं का?"

अजून एक वस्तू आपल्या लोकांसाठी. एका पिंपाच्या झाकणावर कुणीतरी नवकंकरीचा पट कोरलाय. अगदी आपली नवकंकरी, एकात एक तीन चौकोन आणि मधून रेघा. माझी आजी वाड्याच्या ओसरीवर खडूने आखायची, आणि घाटातल्या जुन्या लेण्यांत, देवळांच्या पायऱ्यांवर तोच पट कोरलेला मी स्वतः पाहिलाय. काचेपलीकडे ते झाकण बघून मी तिथे बराच वेळ उभा राहिलो होतो.

गार्गी_म
६ जानेवारी, दुपारी १.१५

छान धागा. पण मुलींचं काय? माझी मुलगी इयर फोरला असताना पूर्ण ट्युडर टॉपिकमध्ये तिच्या वाट्याला फक्त हेन्रीच्या सहा बायका आणि त्यांचं काय झालं हे आलं. खेळात बायका दिसतच नाहीत.

चिंचगुळ
६ जानेवारी, रात्री ८.३०

मास्तर, कॅलेंडरची कल्पना नक्की घेते, दोन्ही एकाच पानावर. पोर्ट्समथकर, सुताराची खोली!! मी आज दुपारी स्टाफरूममध्ये हे वाचून मोठ्याने 'अरे' म्हणाले.

गार्गी, बायका आहेत, पण त्यातही थर आहेत. १५३० मध्ये हेन्रीच्या खासगी खर्चाच्या वहीत पुढे त्याची राणी झालेल्या अ‍ॅन बोलिनसाठी धनुष्यं, बाण आणि नेमबाजीचा हातमोजा घेतल्याची नोंद आहे. हेन्रीची मुलगी मेरी राजकन्या असताना पत्त्यांत आणि बोल्समध्ये पैसे लावायची, तेही तिच्या हिशेबात आहे. पहिली एलिझाबेथ तर शिकारीची शौकीन. चिंगफर्डला एपिंगच्या रानात हेन्रीने १५४३ मध्ये शिकार बघायला बांधलेली लाकडी इमारत अजून उभी आहे, मी मुलांना तिथेच नेणार आहे. साध्या घरातल्या बायकांचे हिशेब कुणी लिहून ठेवले नाहीत, त्या दिसतात त्या मे महिन्यातल्या नाचात, स्टूलबॉलमध्ये (क्रिकेटसारखा जुना चेंडूचा खेळ), आणि नाटकाच्या गर्दीत. हेही मी मुलांना सांगणार आहे, की ज्याची वही लिहिली गेली त्याचा खेळ आपल्याला जास्त कळतो.

त्याच राजाच्या वहीतलं अजून एक. १५२९ ते १५३२ या तीन वर्षांत हेन्री जुगारात आणि पैजांत तीन हजार पौंडांहून जास्त हरला. आणि १५१५ च्या कायद्याने ठरवलेली साध्या मजुराची मजुरी होती उन्हाळ्यात दिवसाला ४ पेन्स, हिवाळ्यात ३. मुलांना गणित करायला लावू का?

लांबपल्ला
६ जानेवारी, रात्री १०.२०

गणित जरूर, पण तीन हजार पौंड नऊ वर्षांच्या मुलाला नुसता मोठा आकडा वाटेल. दंडाचं करा. २० शिलिंग म्हणजे २४० पेन्स. दिवसाला ४ धरले तर साठ दिवस. एकदा बोल्स खेळताना सापडला की दोन महिन्यांची मजुरी गेली. राजमा घ्या, रोजचे चार दाणे.

मी तिरंदाजी करतो (क्लबमध्ये, वीकेंडला) म्हणून त्या कायद्याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मुलांना वाटेल राजाला नुसतंच लोकांचं खेळणं खुपत होतं. कायद्याचा मुख्य हेतू धनुष्यबाण होता. लोक बोल्स आणि पत्त्यांत रमले तर सराव कोण करणार, आणि सराव नाही तर फ्रान्सशी लढायला तिरंदाज कुठून आणणार. म्हणून साठच्या आतल्या धडधाकट पुरुषाने घरात धनुष्य ठेवून सराव करायचा. सात ते सतरा वयाच्या मुलासाठी बापाने एक धनुष्य आणि दोन बाण ठेवायचे. चोवीस वर्षांच्या वर गेलेल्याने २२० यार्डांपेक्षा जवळचं निशाण धरायचं नाही. मी तेवढ्या अंतरावर एकदा ट्राय केलंय, बाण पोचणं हीच मोठी गोष्ट आहे. मेरी रोझवर साडेतीन हजारांच्या वर बाण आणि शंभराहून जास्त अख्खी धनुष्यं मिळाली. तर गरिबाला एक खेळ सक्तीचा होता आणि बाकीचे बंद होते. तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलग्याकडे धनुष्य असायलाच हवं होतं, हे ऐकून ती कान टवकारतील बघा.

स्क्वेअरकट
७ जानेवारी, सकाळी ६.४५

क्रिकेट कुणीच काढलं नाही म्हणून आलो. जगातला क्रिकेटचा सगळ्यात जुना पक्का उल्लेख ट्युडर काळातलाच आहे, आणि तो नेमका तुमच्या विषयाचा आहे. सरेमधलं गिल्डफर्ड. जमिनीच्या तुकड्यावरून कोर्टात भांडण लागलं होतं. सार्वजनिक जमीन एका माणसाने कुंपण घालून घेतली होती. १५९८ च्या जानेवारीत (त्यांच्या जुन्या कॅलेंडरने १५९७) जॉन डेरिक नावाच्या एकोणसाठ वर्षांच्या कॉरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) साक्ष दिली की मी इथल्या शाळेत शिकत असताना मी आणि माझे सोबती या जागेवर धावायचो, 'क्रेकेट' आणि इतर खेळ खेळायचो. म्हणजे साधारण १५५० च्या आसपासची गोष्ट. तीच जागा अस्वलांच्या झुंजीलाही वापरली जायची असंही त्याने सांगितलं.

मला यात भारी काय वाटतं सांगू का, की क्रिकेटचा पहिला कागद हा स्कोअरकार्ड नाहीये, खेळायची जागा गेली म्हणून कोर्टात दिलेली साक्ष आहे. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीमागचं मैदान गेलं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, त्या जागेवर आज तीन विंग उभ्या आहेत. म्हणून हा डेरिक मला घरचा वाटतो.

दुपारचा_चहा
७ जानेवारी, दुपारी ३.३०

अस्वलांचा विषय निघालाय म्हणून बोलते. मी पण शिकवते (रीडिंग, इयर थ्री) आणि माझं स्पष्ट मत आहे की खांबाला साखळीने बांधलेलं अस्वल आणि त्याच्यावर सोडलेली कुत्री हे प्रायमरीच्या मुलांपुढे आणूच नये. गेल्या वर्षी एका पुस्तकात चित्र होतं, माझ्या वर्गातली एक मुलगी रडायला लागली आणि दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. खेळ म्हणजे काय शिकवायचं हे आपल्या हातात आहे.

दुसरं म्हणजे चिठ्ठ्या टाकून तू लॉर्ड, तू मजूर असं काही करू नका. आम्ही केलं होतं. मजूर झालेल्या मुलांना दुपारभर लॉर्ड झालेली मुलं हुकूम सोडत होती, आणि जेवणाच्या सुट्टीतही तेच चालू राहिलं.

निवृत्त_मास्तर
७ जानेवारी, संध्या. ६.१०

चिठ्ठ्यांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण अस्वल गाळू नका असं मला मनापासून वाटतं. गाळलं तर ट्युडर समाजाचं चित्र खोटं होतं, कारण ही अशी करमणूक जिथे राणी आणि शिकाऊ पोरगा दोघं एकाच गोष्टीवर टाळ्या वाजवत होते. १५७५ मध्ये लॉर्ड लेस्टरने केनिलवर्थला एलिझाबेथचं एकोणीस दिवस आदरातिथ्य केलं, त्यात तेरा अस्वलं आणली होती. लंडनला थेम्सच्या दक्षिण काठावर तोच प्रकार पैसे देऊन साध्या माणसालाही बघता यायचा. रविवारी, कारण सामान्यांना मोकळा तोच दिवस. १३ जानेवारी १५८३, रविवार, तिथल्याच पॅरिस गार्डन नावाच्या झुंजीच्या जागी गर्दीने लाकडी माळा कोसळला, माणसं मेली, आणि प्युरिटन (कडक धर्मनिष्ठ प्रोटेस्टंट) लोक म्हणाले ही देवाने दिलेली शिक्षा. इथेही मेली ती माळ्यावर दाटीवाटीने उभी असलेली साधी माणसं.

चित्र दाखवू नका, नुसतं सांगा, आणि १८३५ मध्ये कायद्याने हे बंद झालं तेही त्याच दमात सांगा. मुलं रडली तर रडू देत. तेव्हाच्या फार थोड्या लोकांना रडू आलं, यावर बोलता येईल.

अवनी१२
७ जानेवारी, रात्री ९.००

थिएटर मी सांगते, माझा कॉलेजचा विषय. मुलांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे पेन्सचा जिना. १५९९ मध्ये लंडनला आलेल्या एका स्विस प्रवाशाने, थॉमस प्लाटरने, दर लिहून ठेवलेत. एक पेनी दिली की खाली अंगणात उभं राहायचं, डोक्यावर आभाळ. अजून एक पेनी दिली की वर गॅलरीत बाकावर. तिसरी दिली की गादी असलेली चांगली जागा, जिथून सगळं दिसतं आणि आपणही सगळ्यांना दिसतो. त्या वेळी लंडनच्या मजुराला दिवसाला आठ-दहा पेन्स मिळत होते, म्हणजे उभं राहायची जागा त्याला परवडायची. पण नाटक दुपारी दोनच्या सुमारास, उजेडात. त्या वेळी कामावर असायला हवं होतं! शहराच्या मेयरचा नाटकांवर राग असायचा त्यात हे एक मोठं कारण, शिकाऊ पोरं दुकान सोडून पळायची. म्हणून थिएटरं मेयरच्या हद्दीबाहेर. १५७६ ला जेम्स बरबेजने शोरडिचला 'द थिएटर' बांधलं, पुढे १५८७ ला रोझ आणि १५९९ ला ग्लोब नदीपलीकडे.

आणि नटांची स्वतःची जागा बघा. १५७२ च्या कायद्याने कुणा सरदाराचा आश्रय नसलेला फिरता नट म्हणजे भटक्या-भामट्यांत जमा, चाबकाची शिक्षा. म्हणून मंडळ्यांची नावं 'लॉर्ड चेंबरलेनची माणसं' अशी (लॉर्ड चेंबरलेन म्हणजे राणीच्या दरबारातला बडा अधिकारी). राजवाड्यात राणीसमोर नाटक करणारा माणूस कागदोपत्री कुणाचातरी नोकर असायला लागायचा. मला वाटतं मुलांना हे नक्की कळेल, कारण 'आयडी कार्ड नसेल तर आत सोडत नाहीत' हे ती रोज बघतात.

लेस्टरची_शाळा
७ जानेवारी, रात्री १०.४०

मी रविवारची मराठी शाळा चालवते, आमच्याकडची पोरं इंग्लिश शाळेत ट्युडर्स शिकतात आणि विचारतात की तेव्हा आपण कुठे होतो. आमच्याकडे अहमदनगरची निजामशाही होती, गोव्यात पोर्तुगीज होते. आणि एक माणूस या दोन्ही गोष्टी जोडतो, फादर थॉमस स्टीफन्स. जन्म इंग्लंडमधल्या विल्टशरचा, १५४९ च्या आसपास, १५७९ ला गोव्यात आला आणि पुढे मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं, ओवीत, ते १६१६ ला छापलं गेलं. लांबपल्ला यांनी लिहिलेला तो कायदा, सात वर्षांच्या मुलाला धनुष्य आणि दोन बाण, हा तो लहान असताना लागू होता. आता यंदा माझ्या पोरांना मी तो असाच सांगणार आहे, सात वर्षांचा, हातात धनुष्य, अजून मराठीचा एक शब्दही माहीत नसलेला.

चिंचगुळ
८ जानेवारी, रात्री ९.५५

तुम्ही सगळ्यांनी केवढं दिलंत, मी दोन दिवस वहीत उतरवून घेतेय. काय ठरवलं ते लिहिते, चूक दिसली तर सांगा.

चिठ्ठ्या नाहीत, वेश नाही. पाटी टेबलावर असेल, मुलांच्या गळ्यात नाही. हॉलमध्ये तीन जागा, 'लॉर्डची बाग', 'सुताराची गल्ली', 'धन्याचं अंगण'. तिन्हीकडे एकच खेळ, नवकंकरी म्हणतेय. मुलं दर सात मिनिटांनी जागा बदलतील, म्हणजे प्रत्येक मूल तिन्हीकडे जाऊन येईल. अस्वल सांगेन, चित्र न दाखवता, वर्गाच्या शेवटी न सांगता मध्ये, म्हणजे बोलायला वेळ राहील.

लांबपल्ला
८ जानेवारी, रात्री १०.१५

एक दुरुस्ती. नवकंकरीचं नाव त्या कायद्यात नाही, बोल्सचं आहे. बोल्सच घ्या, म्हणजे घंटा वाजवून कायदा वाचाल तेव्हा शब्द जुळतील. आणि इंग्लिश दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक १५८८ ला स्पॅनिश आरमार चालून येताना बोल्स खेळत होता ही गोष्ट पुस्तकात असेल तर ती कित्येक वर्षांनंतर छापली गेलीय, मुलांना दंतकथा म्हणूनच सांगा.

पोर्ट्समथकर
८ जानेवारी, रात्री ११.००

आणि फुटबॉल! १५२६ ला हेन्रीने कपड्यांच्या यादीत फुटबॉल खेळायला चामड्याचे बूट मागवले, चार शिलिंगचे. पाचच वर्षांनी सर थॉमस एलियट म्हणतो की फुटबॉल म्हणजे पशूसारखा धुडगूस, सभ्य माणसाने त्यापासून लांब राहावं. राजाच्या कपाटात मात्र बूट. आणि १५८१ मध्ये रिचर्ड मलकास्टर नावाचा लंडनचा एक हेडमास्तर लिहितो की कमी खेळाडू घ्या, जागा ठरवून द्या, वर एक देखरेख करणारा ठेवा, मग हा खेळ मुलांच्या अंगाला चांगला आहे. तुमच्याच पेशातला माणूस, त्याला वर्गात आणाच.

चिंचगुळ
३० जानेवारी, रात्री १०.३०

काल झाला तो तास. मला झोप येत नाहीये म्हणून आत्ताच लिहिते.

हॉलमध्ये टेपने तीन चौकोन आखले. बोल्ससाठी पीईचे छोटे चेंडू. मुलं खेळायला लागली, मस्त आरडाओरडा, कुणालाच अजून माहीत नाही पुढे काय आहे. चार मिनिटांनी घंटा. ती वाजवायला आणि कायदा वाचायला मी इयर सिक्सचा एक मुलगा बोलावला होता, त्याच्या टीचरला आणि आईला आधी विचारून. तोच, गेल्या वर्षीचा, सुतळीवाला. त्याने स्वतः घरी चार वेळा वाचून सराव केला होता असं आई म्हणाली. त्याने कागद उलगडला आणि हळू, स्पष्ट वाचलं, "कारागीर नाही, मजूर नाही, शिकाऊ नाही, खलाशी नाही..." आणि कॉन्स्टेबल म्हणून जाऊन सुताराच्या गल्लीतले चेंडू उचलले. मग धन्याच्या अंगणातले. लॉर्डच्या बागेत गेला, पाटी वाचली, आणि वळून परत आला.

हॉल एकदम शांत. मग गल्लीतली एक मुलगी म्हणाली, "पण तेही तेच खेळतायत ना." बागेतला एक जण लगेच, "हो पण ही आमची बाग आहे." आणि दुसऱ्या फेरीत तोच मुलगा गल्लीत आला आणि त्याचा चेंडू गेला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, त्याने चेंडू पाठीमागे लपवला आणि म्हणाला, "मी खेळत नव्हतो, नुसता धरला होता." तिसऱ्या फेरीपर्यंत गल्लीतली मुलं भिंतीकडे तोंड करून, चोरून, हळू चेंडू सरकवायला लागली. मी काही सांगितलं नव्हतं. तेव्हा मी पोर्ट्समथकरांचा सुतार काढला, स्क्रीनवर तो पट दाखवला. एक मुलगा उठून उभाच राहिला, "मिस, तो पण लपवत होता!" मी म्हटलं ते आपल्याला ठाऊक नाही, पट खोलीत होता एवढं ठाऊक आहे. मग दहा मिनिटं यावरच वाद झाला, कॅप्टनला माहीत असेल की नसेल. तुमच्या मुलीचाच प्रश्न.

मग राजमा. प्रत्येक गटाला सांगितलं दिवसाचे चार मोजा, दंड भरेपर्यंत. पहिले दहा दिवस हसत. विसाव्या दिवसाला एक जण म्हणाला, यातले जेवायचे किती? मी म्हटलं तेही यातूनच. मग त्या गटाने आपणहून रोजचे तीन दाणे खायचे म्हणून बाजूला ठेवले आणि एकच दंडाच्या वाटीत टाकायला लागले, आणि थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की असं दोनशे चाळीस दिवस लागतील. पिशवीतला राजमा संपला तेव्हा त्यांच्या वाटीत सदतीस होते. ती वाटी मी खिडकीत तशीच ठेवली आहे.

अस्वल सांगितलं. दोघी रडल्या, एकीने विचारलं अस्वलाला नाव होतं का. होती, मी सांगितलं, सॅकरसन, हॅरी हंक्स. त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. दुपारचा_चहा, तुमची काळजी खरी होती, मी आदल्या दिवशी सगळ्या घरी निरोप पाठवला होता की उद्या काय सांगणार आहे, त्याचा उपयोग झाला, एकही फोन आला नाही.

दुपारचा_चहा
३१ जानेवारी, सकाळी ७.२०

निरोप आधी पाठवायचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. इयर थ्रीला मी अजूनही अस्वल घेणार नाही, पण तुमच्या टेबलावरच्या पाट्या मात्र हव्यात. तो मुलगा नंतर काही बोलला का?

चिंचगुळ
३१ जानेवारी, दुपारी १२.४५

जाताना कागद परत द्यायला आला आणि म्हणाला, मिस, ख्रिसमसचं वाचायचं राहिलं, शेवटची ओळ. मी म्हटलं मग वाच. सगळी मुलं रांगेत उभी होती दप्तरं घेऊन, त्याने दारात उभं राहून वाचली, ख्रिसमसला चालेल, पण धन्याच्या घरात. लगेच मागून कुणीतरी ओरडलं, "आणि धनी नाही म्हणाला तर?"

पाट्या रविवारी स्कॅन करून टाकते. पुढच्या गुरुवारी चिंगफर्ड, आणि त्यानंतरचा तास गिल्डफर्डच्या मैदानाचा. स्क्वेअरकट, डेरिकच्या साक्षीची नक्कल मुलं स्वतः लिहिणार आहेत, शाळेच्या मागच्या गवताच्या तुकड्यावर बसून.

स्क्वेअरकट
३१ जानेवारी, दुपारी १.०५

पाऊस नसेल तर बॅट पण न्या.